अर्ध्या दिवसाचे ग्वाल्हेर



कापडाच्या दुकानात गेले म्हणजे दुकानदार ठाण उलगडून दाखवितो. आपण पोत बोटांनी चाचपतो, रंग उजेडात नेऊन पाहतो, थोडी घासाघीस करतो आणि मगच खिशात हात घालतो. परंतु एक व्यापार असा आहे की, त्यात माल आधी पाहण्याची सोयच नाही. पुण्याचे एखादे कुटुंब जून महिन्यात प्रवासी कंपनीकडे पैसे भरते. त्या पैशांच्या मोबदल्यात जे मिळायचे ते डिसेंबरात, बाराशे किलोमीटरांवर, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मिळायचे असते. तूर्त हाती येते ती एक पावती आणि काही रंगीत चित्रे. विकत घेतलेली वस्तू अद्याप जन्मालाच आलेली नसते. गिऱ्हाईक स्वतः तेथे जाऊन उभे राहील तेव्हा ती त्याच्या डोळ्यांदेखत तयार व्हायची, आणि तयार होता होताच संपायची.

या व्यापाराची दुसरी अडचण अशी की, यातला माल साठवून ठेवता येत नाही. न विकलेले लुगडे पुढच्या हंगामात विकता येते. हॉटेलातील जी खोली आज रात्री रिकामी राहिली तिची आजची रात्र मात्र कायमची गेली. बसमधील रिकाम्या आसनाचे तेच. म्हणून प्रवासी कंपन्या महिनोन् महिने आधी खोल्यांचे ठोक करार करून ठेवतात, ठरलेल्या मुदतीपर्यंत त्या भरल्या नाहीत तर परत करतात, आणि हॉटेलवालाही खोली ओस पडण्यापेक्षा कमी दरात देणे पत्करतो. आमच्या ग्वाल्हेरात ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत हंगाम. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला म्हणजे किल्ल्यावर दगड आणि माकडे तेवढी उरतात. वर्षाचा खर्च सहा महिन्यांत काढायचा, हे गणित टांगेवाल्यांच्या काळापासून चालत आलेले आहे. टांगे गेले, गणित तेच राहिले.

प्रवास पूर्वीही होताच. परंतु तो कोणी पुरवीत नसे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत बंडाची धामधूम उसळली. गोडसे भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांच्या हकिगतीचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. त्यात उतरण्याची जागा, जेवणाची पंगत, बरोबरची सोबत ही सारी ओळखीपाळखीतून आणि जातीगोतातून मिळत जाते. तीर्थाच्या गावी पंडे असत, त्यांच्या वह्यांत आपल्या आज्या-पणज्यांची नावे असत, धर्मशाळा असत. ती एक प्रकारची पुरवठ्याची व्यवस्थाच होती. फरक इतकाच की, कोणी तुमच्या आनंदाची हमी घेत नसे.

ही हमी घेण्याची कल्पना इंग्लंडातली. टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने १८४१ साली लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे एका खास आगगाडीने नेली. भाडे जाऊन-येऊन एक शिलिंग. गाडी रेल्वे कंपनीची, सभा दुसऱ्यांची. कुकने काय केले, तर त्यांची सांगड घातली. आजही प्रवासी कंपनी म्हणजे हीच सांगड होय. तिच्या मालकीचा किल्ला नसतो, आगगाडी नसते, पुष्कळदा हॉटेलही नसते. ती फक्त दुसऱ्यांच्या वस्तू एका दोऱ्यात ओवते.

आपल्या मराठी मंडळींनी या धंद्यात स्वतःची भर घातली. १९८४ साली केसरी पाटील यांनी सुरू केलेली कंपनी घ्या, किंवा तिच्या आधीच्या व नंतरच्या इतर कंपन्या घ्या. मराठी माणसाला घराबाहेर काढायचे तर वरण-भात आणि वेळेवर चहा बरोबर न्यावा लागतो, हे त्यांनी अचूक ओळखले. जी गृहिणी चाळीस वर्षे कोठे गेली नव्हती ती या सोयीमुळे काश्मीर पाहून आली. सहलीतल्या भाकरी-पिठल्याची थट्टा करणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता ग्वाल्हेरकडे येतो. मी येथे शिक्षक आहे आणि दरवर्षी मुलांना घेऊन किल्ला चढतो. त्यामुळे प्रवाशांचे जथे पाहण्याचा योग मला वारंवार येतो. आमच्या गावचे दुर्दैव असे की, ते चांगल्या जागी आहे. आग्रा आमच्यापासून सुमारे एकशेवीस किलोमीटर, झाशी सुमारे शंभर, झाशीच्या पलीकडे ओरछा, आणि पुढे खजुराहो. दिल्लीहून निघालेला प्रवासी ताजमहाल पाहून खजुराहोकडे जाताना ग्वाल्हेरवरून जातोच. मग कंपनी म्हणते, दोन मुक्कामांच्या मध्ये हेही बसवून टाकू. सकाळी उतरवायचे, संध्याकाळी हलवायचे. गतिमान एक्सप्रेस २०१८ साली आग्ऱ्याहून पुढे ग्वाल्हेरला आणि मग झाशीपर्यंत वाढविण्यात आली तेव्हा आम्हांला आनंद झाला. जलद गाडीने प्रवासी लवकर येतो हे खरे, पण तो लवकर जातोही. ज्या गावी प्रवाशाची रात्र पडत नाही त्या गावी त्याचा पैसाही फारसा पडत नाही. जेवण, खोली, संध्याकाळची बाजारातली चक्कर, हे सगळे रात्रीच्या मुक्कामाचे सोबती.

या अर्ध्या दिवसात प्रवाशाच्या हाती काय पडते हे बहुधा रस्ता ठरवितो. ही गोष्ट किल्ल्याच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. किल्ल्यावर चढायच्या वाटा दोन. पश्चिमेकडून उरवाई दरवाजाची वाट, जिच्यावरून मोटारी जातात. पूर्वेकडून ग्वाल्हेर दरवाजाची वाट, जी पायीच चढावी लागते. मोटारीतून येणाऱ्याला उरवाईच्या खिंडीत कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातील जैन मूर्ती दिसतात. बाबराने त्या फोडण्याचा हुकूम दिल्याचे स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. मूर्ती भव्य आहेत आणि त्या पाहिल्याच पाहिजेत. परंतु पूर्वेच्या वाटेवर पायथ्याशी गुजरी महाल आहे, आणि चढावर, अखंड खडकात कोरलेले, सहज नजरेतून सुटेल एवढे लहानसे चतुर्भुज मंदिर आहे. या मंदिरातील विक्रम संवत ९३३ च्या, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात एका फुलबागेचे माप दिले आहे : लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. त्या बागेतून देवाला रोज ५० माळा जाव्यात, अशी तजवीज केलेली आहे. त्या २७० मधले आणि ५० मधले शून्य आजच्यासारखेच, वाटोळे, दगडावर स्पष्ट दिसते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. हे जगातले पहिले शून्य, असे आमच्याकडे हौसेने सांगितले जाते. ते तसे नव्हे. कंबोडियात सापडलेल्या इसवी सन ६८३ च्या शिलालेखात शून्य टिंबाच्या रूपात आहे. तरीही भारतात निश्चित तारखेसह दगडावर कोरलेल्या शून्याचा हा फार जुना पुरावा होय, आणि तो राजाच्या पराक्रमाच्या वर्णनात नाही, तर माळ्याच्या हिशेबात आहे. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुले ऐकतात; पण त्या ओळीजवळ उभे करून सांगितले की, ती बोटे मोडून माळांचा वर्षाचा आकडा काढू लागतात. ज्या देशातला प्रत्येक मुलगा शून्य गिरवितो त्या देशातल्या प्रवाशांची मोटार या मंदिराला वळसा घालून मागच्या बाजूने वर जाते. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. मोटारीला चढ झेपत नाही आणि वेळापत्रकाला पायपीट झेपत नाही, एवढेच.

वर पोहोचल्यावर मानमंदिर, सासबहूचे देऊळ आणि तेलीचे देऊळ, हा क्रम ठरलेला. मानसिंह तोमराने बांधलेल्या मानमंदिराच्या निळ्या फरशांची बदके सर्वांना आवडतात. येथे गाईड भेटतो. सरकारी परवाना असलेला गाईड वेगळा आणि वाहनतळावर गाठणारा वेगळा. परंतु दोघांचेही पोट प्रवाशाच्या खुशीवर अवलंबून. पुण्याच्या कंपनीने स्थानिक व्यवस्थापकाला काम दिले, त्याने बसवाल्याला आणि हॉटेलला दिले, कोणी गाईड ठरविला. प्रत्येक पायरीवर थोडी दलाली गळत गेली. खाली येईपर्यंत जे उरते ते गाईडला मिळते, आणि पुष्कळदा ते पुरत नाही म्हणून बस एखाद्या दुकानापुढे थांबते. गंमत अशी की, ज्याला सर्वांत कमी मिळते त्याच्याच तोंडून प्रवाशाला ग्वाल्हेर कळते. घरी परतलेला माणूस कंपनीच्या संचालकाला ओळखत नाही. त्याच्या आठवणीत राहतो तो गाईड, ड्रायव्हर आणि बाटलीभर थंड पाणी आणून देणारा पोऱ्या.

अशा स्थितीत गाईडने खपणारी गोष्ट सांगितली तर त्याला दोष कसा द्यावा? मृगनयनी राणीची आणि तिच्या गावच्या नदीच्या पाण्याची प्रेमकथा तो रंगवून सांगतो, कारण ती ऐकून बक्षिसी मिळते. शिलालेखातल्या २७० हातांवर कोण बक्षिसी देणार?

मराठी प्रवाशाच्या बाबतीत एक निराळाच पेच पडतो. तो मुख्यतः दोन ठिकाणांसाठी येतो : फुलबागेजवळची राणी लक्ष्मीबाईची समाधी आणि शिंद्यांचा जयविलास राजवाडा. दोन्ही त्याला आपलीच वाटतात. समाधीपाशी त्याचे डोळे भरून येतात. मग बस त्याला राजवाड्यात नेते. जयविलास १८७४ साली पुरा झाला. त्याचा रचनाकार मायकेल फिलोज. त्याचा पूर्वज नेपल्सहून येऊन महादजी शिंद्यांच्या फौजेत चाकरीला राहिला होता आणि पुढे हे घराणे येथलेच झाले. आम्हा मराठी कॅथलिकांना त्याच्या नावाचे थोडे अप्रूप वाटते, हे कबूल करतो. दरबार दालनात प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत. छत ते वजन पेलेल की नाही हे पाहण्यासाठी आधी हत्ती चढविले होते, ही कथा लहानथोर सगळे आ वासून ऐकतात. जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहून तर आबालवृद्ध खूश होतात. राजवाड्याच्या काही भागात १९६४ पासून संग्रहालय आहे आणि तेथील मराठी इतिहासाच्या दालनात शिवकालापासूनची परंपरा मांडलेली आहे.

परंतु हा वाडा बांधविणारे जयाजीराव शिंदे १ जून १८५८ रोजी, फौज बंडवाल्यांना मिळाल्यावर, आग्ऱ्याला इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत राणी याच गावाच्या वेशीवर पडली. समाधी आणि राजवाडा यांच्यात चालत जाण्याइतकेच अंतर आहे. आमची मुले हे अंतर चालून जातात आणि वाटेत प्रश्न विचारतात. मी त्यांना जयाजीरावांची अडचण सांगतो, त्यांच्या दिवाणाची, दिनकरराव राजवाड्यांची, सल्लामसलत सांगतो, राणीचा निर्धारही सांगतो, आणि निकाल त्यांच्यावर सोडतो. वातानुकूलित बसमध्ये हे अंतर काही मिनिटांत संपते, आणि दोन्ही ठिकाणी दोन निराळ्या, परस्परांना न ओळखणाऱ्या गोष्टी पुरविल्या जातात. प्रवासी दोन्ही ठिकाणी समाधान पावतो. मला हे समाधान फार स्वस्त वाटते. ज्या माणसाने चार दिवसांची रजा काढून, मुलांना घेऊन, एवढा खर्च केला आहे त्याला हा प्रश्न पडण्याचा हक्क आहे, आणि तोच नेमका त्याच्या सहलीतून गळलेला असतो.

किल्ल्यावरच पुरवठ्याची एक अगदी निराळी रीत पाहावयास मिळते. गुरू हरगोविंद यांना जहांगीराने येथे कैदेत ठेवले होते आणि सुटताना त्यांनी बावन्न राजांना आपल्याबरोबर सोडवून नेले, या स्मृतीचा दाता बंदी छोड गुरुद्वारा येथे आहे. पंजाबातून भाविकांच्या गाड्या येतात. कोणी पुस्तिका छापलेली नसते. लंगरात बसणाऱ्याला कोणी नाव विचारीत नाही आणि बिल देत नाही. भांडी घासणारा मनुष्य कदाचित सकाळी स्वतःच्या मोटारीतून आलेला असतो. आमची मुले चढून दमली म्हणजे आम्हीही तेथे पानावर बसतो. येथे घेणारा आणि पुरविणारा असे दोन पक्षच नाहीत. व्यापाराला हे जमणार नाही, आणि जमावे अशी अपेक्षाही नाही. पण आपण पैसे देऊन जे विकत घेतो त्याच्याशी ताडून पाहायला हे उदाहरण हाताशी असलेले बरे.

आता ज्या गोष्टीसाठी मी आजचा विषय निवडला तिच्याकडे वळतो. ग्वाल्हेरची खरी चीज दगडात नाही, गळ्यात आहे. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची ख्यालगायकी येथली. ती शिकण्यासाठी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हालअपेष्टा सोशीत येथे आले, वासुदेवबुवा जोशांजवळ राहिले, आणि ती विद्या घेऊन महाराष्ट्रात परतले. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. म्हणजे सांगली-मिरजेपासून मुंबईपर्यंत आज जे गाणे ऐकू येते त्यातला मोठा प्रवाह या गावातून निघालेला. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने आणि माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९१८ साली निघालेले माधव संगीत महाविद्यालय आजही येथे आहे. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे नगर म्हणून आपल्या यादीत घेतले. आणि ज्या मराठी श्रोत्याच्या कानात हे गाणे बालपणापासून आहे तो बाराशे किलोमीटर येऊन झुंबरे पाहून परत जातो!

असे का व्हावे? कारण किल्ला सकाळी अमुक वाजता उघडतो आणि झुंबर रोज त्याच जागी असते. गाणे तसे नाही. ते अर्ध्या दिवसाच्या वेळापत्रकात बसत नाही. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. दरवर्षी डिसेंबरात तानसेनाच्या समाधीपाशी तानसेन समारोह होतो. २०२४ साली त्याची शंभरावी खेप झाली. सकाळी शहनाई वाजते, ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतील हरिकथा होते, मिलाद होतो, आणि मग देशातले नामवंत कलावंत गाऊ-वाजवू लागतात. नारदाच्या गादीवरची ही हरिकथा मुसलमान गवयाच्या कबरीपाशी ऐकावी, आणि ती सांगणाऱ्या मठाची परंपरा मराठी असावी, हे दृश्य मी दुसरीकडे कोठे पाहिलेले नाही. या सगळ्याला तिकीट नाही. ज्याला तिकीट नाही त्यावर दलाली नाही, आणि ज्यावर दलाली नाही ते पुस्तिकेत सहसा येत नाही.

कोणी म्हणेल, मग प्रवाशांसाठी रोज संध्याकाळी तासभर गायनाचा कार्यक्रम ठेवावा. किल्ल्यावर ध्वनिप्रकाशाचा खेळ होतोच, तसे हे. मला ही सूचना धोक्याची वाटते. हंगामभर रोज त्याच वेळी त्याच पाहुण्यांच्या रांगेपुढे गायिलेला राग पहिल्या महिन्यात गाणे असेल, तिसऱ्या महिन्यात तो माल होईल. गोव्याला जुन्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असता कॅमेरे घेऊन मधून फिरणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्यांनाही कोणी तरी ‘अनुभव’ विकलेलाच असतो. कंपन्यांना करता येण्यासारखे वेगळे आहे : सहलीच्या तारखा गाण्याच्या तारखांना जुळवाव्यात. पंढरीला आषाढीलाच का जायचे हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. डिसेंबरातले चार-पाच दिवस ग्वाल्हेरला दोन रात्री ठेवा. त्या दोन रात्रींचा पैसा हॉटेलवाल्याला, रिक्षावाल्याला आणि गाईडलाही मिळेल, आणि गाईडला दुकानापुढे बस थांबविण्याची गरज थोडी कमी पडेल.

काही कंपन्यांनी हे सुरू केले तर पुढचे आपोआप होईल. दुसऱ्या दिवशी मुरैना जिल्ह्यातली बटेश्वरची देवळे पाहता येतात. सुमारे दोनशे लहान देवळांचे ते ढिगारे डाकूंच्या भीतीने वर्षानुवर्षे कोणी पाहत नव्हते. २००५ पासून पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मद यांनी त्यांतली कित्येक दगड जुळवून पुन्हा उभी केली. जवळच मितावलीचे गोल योगिनीमंदिर आहे. श्योपूरला जाणारी दोन फुटी रुळांची चिमुकली आगगाडी मात्र आता मिळणार नाही. ती २०२० साली बंद झाली. तिच्या टपावरून प्रवास केलेली माणसे अजून तिच्या गोष्टी सांगतात, आणि त्या प्रवासाची जाहिरात कोणीही कधी केलेली नव्हती.

जे कंपनीखेरीज स्वतःच्या बेताने येतील त्यांनी मुंबईहून पंजाब मेल धरावी. ती ग्वाल्हेरला थांबते. पहिल्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजाने किल्ला पायी चढावा आणि उतरताना उरवाईने उतरावे. म्हणजे शून्यही दिसेल आणि तीर्थंकरही. गुजरी महालातील संग्रहालयात ग्यारसपूरची शालभंजिका आहे. ती मुद्दाम मागून पाहावी लागते. संग्रहालय सोमवारी बंद असते.